दाताच्या रंगाचे फिलिंग: कोणते मटेरियल किती मजबूत, आणि कोणत्या दातासाठी कोणते?

“डॉक्टर, जे सर्वांत मजबूत असेल तेच भरा. पुन्हा पुन्हा यायला नको.” दात भरून घ्यायला आलेले बरेच रुग्ण असे सांगतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. पैसे मोजायचे, तोंड उघडून अर्धा तास बसायचे, तर काम टिकाऊ व्हावे असे कोणालाही वाटणारच. अडचण एवढीच, की ‘सर्वांत मजबूत कोणते?’ याचे उत्तर दात कोणता आणि खड्डा कुठे आहे, यावर अवलंबून असते. दाढेच्या चावण्याच्या भागावर जे मटेरियल उत्तम ठरते, ते हिरडीजवळच्या खाचेतून लवकर निसटू शकते. आणि ताकदीच्या आकड्यांत सर्वांत मागे असलेले सिमेंट त्याच खाचेत वर्षानुवर्षे टिकते.

दाताच्या रंगाची फिलिंग कोणकोणती असतात, त्यांची ताकद कशी मोजतात आणि तुमच्या दातासाठी निवड करताना काय पाहायचे, हे या लेखात समजून घेऊ.

## थोडक्यात

- चावण्याचा जोर थेट पडतो अशा कायमच्या दाढांसाठी, खड्डा छोटा किंवा मध्यम असेल तर कॉम्पोझिट हे बहुतेक वेळा योग्य मटेरियल असते.
- हिरडीजवळची झीज, मुळावरची कीड किंवा कोरडी ठेवता न येणारी जागा असेल तर ग्लास आयोनोमर सिमेंट, म्हणजेच जीआयसी, उपयोगी पडते.
- दाढेच्या भिंती पातळ झाल्या असतील तर कितीही चांगले फिलिंग पुरेसे पडत नाही. तिथे ऑनले किंवा कॅपचा विचार करावा लागतो.
- फिलिंग निकामी होण्याची दोन मोठी कारणे म्हणजे कडेने पुन्हा लागलेली कीड आणि तुटणे. यातले पहिले कारण मटेरियल बदलून टळत नाही.

## ‘मजबूत’ म्हणजे नेमके काय?

शाळेतला खडू आठवा. तो टेबलावर उभा धरून वरून दाबला तर बऱ्यापैकी जोर सहन करतो. तोच दोन्ही टोकांना धरून वाकवला की पटकन मोडतो. खडू तोच, पण दाब सहन करण्याची त्याची ताकद वेगळी आणि वाकताना न मोडण्याची वेगळी. फिलिंगच्या मटेरियलचेही असेच असते. म्हणून दंतवैद्यकात ताकद चार बाजूंनी पाहिली जाते.

१. दाब सहन करण्याची ताकद. वरून सरळ दाबल्यावर मटेरियल किती भार पेलते, हे यात मोजतात. जीआयसीच्या चाचणीत ४ मिलिमीटर व्यासाचा आणि ६ मिलिमीटर उंचीचा छोटा दंडगोल करून तो तुटेपर्यंत दाबला जातो.

२. वाकताना न तुटण्याची ताकद. कॉम्पोझिटची २५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड-रुंद अशी बारीक पट्टी दोन टेकूंवर ठेवून मधोमध दाबतात. चावताना दाढेवर जोर क्वचितच सरळ खाली पडतो. तो तिरका येतो, एका कोपऱ्यावर येतो, दोन दातांमधल्या कडेवर येतो. त्यामुळे दाढेच्या फिलिंगसाठी ही दुसरी ताकद पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची ठरते.

३. झीज सहन करण्याची क्षमता. फिलिंग तुटले नाही, पण रोजच्या चावण्याने आणि ब्रशने झिजून खाली गेले, तरी त्याचा उपयोग कमी होतो.

४. दाताला चिकटून राहण्याची ताकद. मटेरियल पोलादासारखे असले तरी दातापासून सुटले तर ते पडणारच. आणि पडले नाही, तरी सुटलेल्या फटीतून जंतू आत शिरतात.

पहिल्या दोन ताकदी मेगापास्कल या एककात मोजतात. १ मेगापास्कल म्हणजे १ चौरस मिलिमीटर जागेवर सुमारे १०० ग्रॅम वजनाचा भार. म्हणजेच १०० मेगापास्कल ताकदीचे मटेरियल १ चौरस मिलिमीटरवर सुमारे १० किलोचा भार पेलते.

तुमच्या दाताची स्वतःची ताकद याच मापात पाहिली, तर वरच्या कठीण आवरणाची, म्हणजे इनॅमलची, दाब सहन करण्याची ताकद सुमारे ३८० मेगापास्कल असते. त्याखालच्या डेंटिन या थराची सुमारे ३००. निरोगी प्रौढ माणसाने दाढांनी पूर्ण जोर लावून चावले तर ५० ते ७० किलो वजनाइतका भार येऊ शकतो. भात, पोळी, भाजी चावताना त्याच्या कितीतरी कमी जोर लागतो. खरा धोका असतो तो भातातल्या खड्याचा, सुपारीचा, चिक्कीचा किंवा हाडाच्या तुकड्याचा. कारण तेव्हा सगळा जोर एका छोट्या ठिपक्यावर येतो.

## मटेरियल कोणकोणती?

### ग्लास आयोनोमर सिमेंट (जीआयसी)

आपल्याकडे रुग्ण ‘दाढेत सिमेंट भरले’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते हेच असते. लंडनच्या शासकीय रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते विकसित केले. त्याची माहिती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. विशिष्ट काचेची बारीक पूड आणि सौम्य आम्लाचे द्रावण एकत्र केले की काही मिनिटांत ते घट्ट होते.

याचा मोठा गुण म्हणजे ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करून स्वतःहून चिकटते. त्यासाठी वेगळे बाँडिंग लागत नाही. थोडा ओलावा ते सहन करते, आणि त्यातून फ्लोराइडही बाहेर पडत राहते. फ्लोराइडचा फायदा आहे, पण ‘फ्लोराइडवाले सिमेंट आहे, आता कीड लागणार नाही’ असे समजू नये.

कमजोरी वाकण्याच्या ताकदीत आहे. ती साधारण १० ते ३० मेगापास्कल इतकीच असते. दाढांसाठी बनवलेल्या घट्ट प्रकारांत थोडी जास्त. दाब सहन करण्याची ताकद मात्र १०० ते २०० मेगापास्कलच्या दरम्यान असते. म्हणजे हे मटेरियल खडूच्या स्वभावाचे आहे: चारही बाजूंनी आधार असलेल्या खड्ड्यात ठीक राहते, पण दोन दातांमधली भिंत पूर्ण याच सिमेंटची केली तर तिथून तुकडा उडण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट. जीआयसी हाताने कालवले जाते तेव्हा पूड आणि द्रावण यांचे प्रमाण काटेकोर असावे लागते. मिश्रण पातळ झाले की ताकद घटते. यंत्रात घुसळून मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये हे प्रमाण आधीच ठरलेले असते.

### रेझिनयुक्त जीआयसी

साध्या जीआयसीत थोडे रेझिन मिसळून हा प्रकार तयार केला आहे. तो निळ्या प्रकाशाने लगेच घट्ट होतो, दिसायला बरा असतो आणि त्याची वाकण्याची ताकद साधारण ४० ते ७० मेगापास्कल, म्हणजे साध्या जीआयसीच्या दुपटीच्या आसपास असते. हिरडीजवळच्या खाचा आणि दुधाच्या दाढांमधले छोटे खड्डे यांसाठी तो बराच वापरला जातो. चावण्याच्या भागावर मात्र तो कॉम्पोझिटपेक्षा लवकर झिजतो.

### कॉम्पोमर

कॉम्पोझिट आणि जीआयसी यांच्या मधला, पण कॉम्पोझिटकडे जास्त झुकणारा प्रकार. वाकण्याची ताकद साधारण ९० ते १२० मेगापास्कल. याला बाँडिंग लागते. याचा वापर प्रामुख्याने लहान मुलांच्या दातांत होतो.

### कॉम्पोझिट

आज दाताच्या रंगाच्या फिलिंगमध्ये सर्वाधिक चर्चा असते ती याची. इमारतीच्या काँक्रीटमध्ये जशी खडी आणि तिला धरून ठेवणारे सिमेंट असते, तसे यात काचेचे किंवा सिलिकाचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन असते. या रेझिनचा पाया घालणारे पेटंट १९६२ मध्ये अमेरिकेतील राफेल बोवेन यांना मिळाले. त्याआधी १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी इनॅमलवर आम्ल लावून त्याला खरखरीतपणा आणला, तर त्यावर रेझिन घट्ट चिकटते, हे दाखवले होते. आजही फिलिंगआधी दातावर जे निळसर जेल लावून धुतले जाते, ते त्याच कामासाठी.

कॉम्पोझिटची वाकण्याची ताकद साधारण ८० ते १६० मेगापास्कल आणि दाब सहन करण्याची २५० ते ४०० मेगापास्कल असते. दाढेच्या चावण्याच्या भागावर वापरायच्या कॉम्पोझिटची वाकण्याची ताकद किमान ८० मेगापास्कल असावी, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. साध्या जीआयसीच्या तुलनेत ही ताकद कितीतरी पट जास्त आहे.

पण कॉम्पोझिटची ताकद दोन अटींवर मिळते. पहिली अट कोरडेपणाची. चिकटवताना लाळ किंवा रक्त मध्ये आले की बंध कच्चा राहतो. दुसरी अट प्रकाशाची. निळा प्रकाश खोलवर पोहोचत नाही, म्हणून साधे कॉम्पोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर वेगळा घट्ट करावा लागतो. ‘बल्क फिल’ प्रकारात सुमारे ४ मिलिमीटरचा थर चालतो. शिवाय घट्ट होताना कॉम्पोझिट साधारण २ ते ३ टक्के आकसते. थर नीट भरले नाहीत तर या आकसण्याने कडेला बारीक फट राहू शकते आणि थंड पाणी प्यायल्यावर सणक येते. म्हणूनच कॉम्पोझिटला वेळ लागतो आणि त्याचा खर्चही जास्त असतो.

पातळ, वाहणारे कॉम्पोझिटही मिळते. त्यात कण कमी आणि रेझिन जास्त असते. ते कोपऱ्यांत छान बसते, पण झिजते लवकर. म्हणून मोठ्या दाढेचा वरचा भाग त्याने भरत नाहीत.

### सिरॅमिकचे इनले आणि ऑनले

हे तोंडात भरायचे मटेरियल नसते. दाताचे माप घेऊन लॅबमध्ये किंवा मशीनवर तुकडा घडवतात आणि तो दाताला चिकटवतात. यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकची वाकण्याची ताकद ३५० मेगापास्कलच्या पुढे असते. कॅपसाठी वापरतात त्या झिर्कोनियाची याहूनही जास्त. मात्र सिरॅमिक ठिसूळ असते, त्याला पुरेशी जाडी द्यावी लागते आणि ती जाडी मिळवण्यासाठी दात थोडा घासावा लागतो.

## आकडे शेजारी शेजारी

वाकताना न तुटण्याची साधारण ताकद, मेगापास्कलमध्ये:

- साधे जीआयसी: १० ते ३०
- रेझिनयुक्त जीआयसी: ४० ते ७०
- कॉम्पोमर: ९० ते १२०
- कॉम्पोझिट: ८० ते १६०
- लिथियम डायसिलिकेट सिरॅमिक: ३५०च्या पुढे

हे ढोबळ आकडे आहेत. कंपनी, प्रकार आणि चाचणीची पद्धत यांनुसार ते बदलतात. दोन कंपन्यांच्या कॉम्पोझिटमध्ये १२० आणि १४० असा फरक दिसला, तर त्यावरून एक दुसऱ्यापेक्षा जास्त टिकेल असे म्हणता येत नाही. जीआयसी आणि कॉम्पोझिट यांच्यातला फरक मात्र खरा आहे आणि दाढेवर तो जाणवतो.

## प्रयोगशाळेतली ताकद आणि तोंडातले आयुष्य

यादी पाहून जीआयसी बाद करावे असे वाटेल. पण थोडे थांबा.

अनेकांच्या दातांवर हिरडीला लागून आडवी खाच पडलेली असते. जोरात आडवा ब्रश घासणे, मिश्री किंवा खरखरीत दंतमंजन वर्षानुवर्षे लावणे, आंबट पदार्थांचा अतिरेक अशी त्याची कारणे असतात. ही खाच कीड नसते, पण तिथे थंड लागते आणि ब्रश फिरवला की कळ येते. या जागेवर चावण्याचा थेट जोर पडत नाही, त्यामुळे मोडण्याची भीती कमी. प्रश्न असतो तो चिकटून राहण्याचा. तिथे इनॅमल कमी आणि गुळगुळीत, कडक झालेले डेंटिन जास्त असते. शिवाय हिरडीचा ओलावा असतो. अशा जागी वेगवेगळ्या मटेरियलचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आहे आणि निसटून न पडण्याच्या बाबतीत जीआयसी पहिल्या क्रमांकात राहिले आहे. कमी ताकदीचे सिमेंट इथे जिंकते, कारण इथली परीक्षाच वेगळी आहे.

दाढांमधल्या कॉम्पोझिटचे काय? २०१४ मध्ये सुमारे २,८०० फिलिंगच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात दर वर्षी सरासरी २ टक्क्यांच्या आसपास फिलिंग निकामी झाल्याचे दिसले. म्हणजे १०० फिलिंग केली तर वर्षाला दोनेक. हा निकाल चांगला म्हणावा लागेल. पण त्याच विश्लेषणात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्यांच्या तोंडात कीड लागण्याचे प्रमाण मुळातच जास्त होते, त्यांची फिलिंग इतरांच्या तुलनेत दुपटीहून जास्त वेगाने खराब झाली. आणि दाताच्या जितक्या जास्त बाजू फिलिंगमध्ये गेल्या, तितका धोका वाढला.

याचा अर्थ असा, की तुमचे फिलिंग किती वर्षे टिकेल हे ठरवताना मटेरियलच्या आकड्याइतकेच महत्त्व दातात काय शिल्लक आहे, फिलिंग किती काळजीपूर्वक केले गेले आणि तुम्ही तोंडाची निगा कशी राखता, याला आहे.

## कोणत्या जागी कोणते?

समोरचे दात: कॉम्पोझिट. रंग आणि चकाकी हुबेहूब जुळते. तुटलेली कड याने भरली असेल तर ऊस सोलणे, शेंगा फोडणे, नखे कुरतडणे ही कामे त्या दाताने करू नयेत.

कायमच्या दाढेतला छोटा किंवा मध्यम खड्डा: कॉम्पोझिट. खोल खड्ड्यात कधी खाली जीआयसी आणि वर कॉम्पोझिट असे दोन थर देतात. यात चिकटण्याचा गुण एकाचा आणि चावण्याचा जोर पेलण्याचा दुसऱ्याचा.

हिरडीजवळची झीज: जीआयसी, रेझिनयुक्त जीआयसी किंवा कॉम्पोझिट. जागा कोरडी ठेवता येते का आणि दात हसताना दिसतो का, यावर निवड ठरते.

वयस्क व्यक्तींच्या मुळावरची कीड: हिरड्या खाली गेल्या की मूळ उघडे पडते आणि तिथे कीड पटकन पसरते. मधुमेह, काही औषधे किंवा तोंडाच्या कर्करोगासाठी घेतलेले किरणोपचार यांमुळे लाळ कमी झाली असेल तर आणखी लवकर. इथे जीआयसीचा बराच उपयोग होतो. पण लाळ कमी असलेल्यांनी केवळ फिलिंगवर विसंबू नये. जास्त फ्लोराइडची पेस्ट आणि ठरावीक काळाने तपासणी याबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

दुधाच्या दाढा: छोट्या खड्ड्यासाठी रेझिनयुक्त जीआयसी किंवा कॉम्पोमर. कीड दोन-तीन बाजूंना पसरली असेल तर स्टीलची तयार कॅप जास्त टिकते. ‘पडणारच आहेत, कशाला भरायचे?’ असे पालक विचारतात. दुधाच्या मागच्या दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोपर्यंत मुलाला चावता यायला हवे, आणि खालून येणाऱ्या दाताची जागाही राखली जायला हवी.

सहकार्य करू न शकणारे रुग्ण: अगदी लहान मूल, अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, जास्त वेळ तोंड उघडे ठेवता न येणारी व्यक्ती. इथे पटकन होणारे जीआयसी हा शहाणपणाचा पर्याय असतो. अर्धवट कोरड्या जागेत घाईने केलेल्या कॉम्पोझिटपेक्षा नीट केलेले जीआयसी बरे.

## फिलिंग पुरेसे नसते तेव्हा

दाढेचे उंचवटे आणि भिंती मिळून चावण्याचा जोर वाटून घेतात. कीड मोठी असली की मधला भाग पोकळ होतो आणि बाहेर पातळ भिंती उरतात. अशा दाढेत कॉम्पोझिट भरले तर फिलिंग शाबूत राहील, पण बाजूची भिंत चिरू शकते. चीर वरच्या भागात थांबली तर दात वाचवता येतो. मुळाच्या दिशेने खाली उतरली तर दात काढण्याची वेळ येते.

म्हणून भिंती पातळ असतील किंवा एखादा उंचवटा आधीच तुटला असेल, तर डॉक्टर उंचवटे झाकणारा ऑनले किंवा कॅप सुचवतात. रूट कॅनाल केलेल्या दाढेबाबत हे विशेष खरे आहे. ठणका थांबला म्हणून कॅप टाळणारे बरेच जण असतात. काही महिन्यांनी दाढ चिरते आणि रूट कॅनालचा खर्चही वाया जातो. तुम्हाला कॅप सांगितली असेल तर ‘भिंत किती शिल्लक आहे?’ हे एक्स-रे किंवा फोटोवर दाखवायला सांगा. दिसले की निर्णय सोपा होतो.

झोपेत दात खाण्याची सवय असेल तर ती डॉक्टरांना आधीच सांगा. हा जोर रोज रात्री पडतो आणि चांगले फिलिंगही त्याने तुटते. अशा वेळी रात्री घालायचा नाइट गार्ड फिलिंगला आणि दातांनाही वाचवतो.

## मग जुनी चांदीच बरी होती का?

चांदीचे फिलिंग, म्हणजे अमाल्गम, ताकदीला दणकट असते आणि ओलाव्याचा त्याला फारसा त्रास होत नाही. दाढांमधल्या फिलिंगच्या तुलनात्मक चाचण्यांत ते कॉम्पोझिटपेक्षा जास्त टिकल्याचे दिसले आहे. पण त्यात पारा असतो आणि पाऱ्याच्या प्रदूषणामुळे जगभर त्याचा वापर कमी केला जात आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, विशेष वैद्यकीय कारण वगळता, ते वापरणे बंद झाले. भारतही पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराचा सदस्य आहे.

तुमच्या दाढेत जुनी चांदी असेल आणि ती नीट बसलेली असेल, तर केवळ रंगासाठी किंवा भीतीपोटी ती काढू नका. काढताना चांगला दातही थोडा जातो.

## फिलिंगनंतर काय काळजी घ्यावी?

- कॉम्पोझिट प्रकाशाने लगेच घट्ट होते. भूल उतरली की जेवायला हरकत नाही. भूल असताना खाल्ले तर गाल किंवा जीभ चावली जाते.
- साधे जीआयसी काही मिनिटांत घट्ट झाल्यासारखे वाटते, पण त्याची ताकद पहिल्या २४ तासांत आणि पुढेही वाढत राहते. पहिला दिवस त्या बाजूने कडक काही चावू नका.
- दात मिटल्यावर फिलिंग आधी टेकते असे वाटले तर दोन-तीन दिवसांत दाखवा. थोडे घासून ते बरोबर करता येते. तसेच ठेवले तर दात दुखतो आणि फिलिंगही तुटू शकते.
- थंड किंवा दाबाने येणारी हलकी सणक एक-दोन आठवड्यांत कमी व्हायला हवी.
- दिवसातून दोनदा फ्लोराइड असलेल्या पेस्टने ब्रश करा. दोन दातांमधल्या फिलिंगसाठी धागा किंवा फटीत फिरवायचा बारीक ब्रश वापरा. टाचणी किंवा काडी घालू नका.
- गोड खाणे किती खाता यापेक्षा किती वेळा खाता याकडे लक्ष द्या. दिवसातून सहा वेळा गोड चहा आणि बिस्किटे कोणत्याही फिलिंगच्या कडेला कीड लावतात.

## डॉक्टरांना हे विचारा

१. माझ्या खड्ड्यासाठी कोणते मटेरियल सुचवता, आणि तेच का?
२. दाढेच्या किती बाजू फिलिंगमध्ये जाणार आहेत? भिंती पुरेशा जाड आहेत का?
३. जागा कोरडी कशी ठेवणार? रबर डॅम किंवा कापूस आणि लाळ ओढणारी नळी?
४. हे फिलिंग कायमचे आहे की तात्पुरते? तात्पुरते असेल तर पुढची भेट कधी?
५. माझ्या तोंडात कीड लागण्याचा धोका किती आहे, आणि तो कमी करण्यासाठी मी काय करू?

खर्चाचा प्रश्नही मोकळेपणाने विचारा. कॉम्पोझिट परवडत नसेल म्हणून कीड तशीच ठेवणे हा सर्वांत महागडा पर्याय ठरतो. वेळेवर केलेले साधे जीआयसीसुद्धा कीड थांबवून दात वाचवू शकते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांतही दात भरण्याचे उपचार होतात.

## केव्हा लगेच दाखवावे?

- फिलिंग किंवा दाताचा तुकडा तुटला, किंवा जिभेला धारदार कड लागू लागली
- चावून दात सोडताना एकदम तीव्र कळ येते (दाताला चीर गेल्याचे हे लक्षण असू शकते)
- रात्री झोपमोड करणारा ठणका, किंवा गरम लागल्यावर बराच वेळ न थांबणारी वेदना
- हिरडीवर पुळी, गालावर सूज किंवा ताप
- त्याच जागी वारंवार अन्न अडकणे

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर वाट न पाहता रुग्णालयात जा.

शेवटचा मुद्दा. खड्डा लहान असतो तेव्हा जवळपास प्रत्येक मटेरियल चांगले काम करते. तो वाढत गेला की पर्याय कमी होतात, खर्च वाढतो आणि ताकदीचे आकडे उपयोगी पडेनासे होतात. दाढेत काळा ठिपका दिसला किंवा अन्न अडकू लागले, तर दुखण्याची वाट पाहू नका. फिलिंगची ताकद वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ते लवकर करून घेणे.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दातासाठी कोणते फिलिंग योग्य, हे प्रत्यक्ष तपासणी आणि एक-रेनंतर तुमचे दंतवैद्यच सांगू शकतील.*